आईच्या बीपी-शुगरसाठी गावचं उपकेंद्र: पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आईचे बीपी-शुगरचे उपचार आम्ही तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातून गावच्या उपकेंद्रात आणले. भिंतीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असं रंगवलंय, गावात मात्र सगळे सबसेंटरच म्हणतात. "असल्या आजाराला सरकारी ठिकाणी कशाला नेताय?" असं नातेवाईक अजून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साधारण ५,००० लोकवस्तीला, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला, एक उपकेंद्र असतं. पूर्वी तिथे लसीकरण आणि बाळंतपणाचीच कामं चालायची. २०१८ पासून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, बसू लागले. आपल्याकडे त्यातले बरेचसे बीएएमएस झालेले आणि वर सहा महिन्यांचा कोर्स केलेले असतात. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी होते. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. उपचार ठरवतात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, दर महिन्याला बघतात सीएचओ.

आधीच्या दवाखान्यातले डॉक्टर हुशार, निदानही बरोबर. पण गर्दी अशी, की एक पेशंट टेबलावर, दुसरा खुर्चीत आणि तिसरा दारात उभा. शुगर वाढलेली दिसली की गोळी वाढायची आणि पुढचा नंबर. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीवरून एक अभ्यास झाला होता, त्यात स्वीडनचे डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात आणि आपल्याकडे जेमतेम दोन, असं निघालं. त्या दोन मिनिटांत, दारातल्या परक्या माणसासमोर, आई काय बोलणार?

उपकेंद्रात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या सीएचओ मॅडमनी फाईल वाचली, बाजूला ठेवली, दार लोटलं आणि विचारलं, "मावशी, गोळी घेतल्यावर पोटाला काही होतं का?" आई गप्प. मॅडमही गप्प बसल्या. मी मध्ये बोलायला लागलो तर मला हातानंच थांबवलं. मग आईनं सांगितलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेतली की तिला जुलाब व्हायचे. भांगलणीला गेलं की शिवारात धड आडोसा नाही, बरोबर चार बायका. म्हणून शेतावर जायच्या दिवशी ती गोळीच घ्यायची नाही. आणि आई शेतावर रोज जाते. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं, कारण हे लेकाला सांगायची गोष्ट नव्हे.

मॅडमनी तिथूनच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली, कमी डोसनं सुरुवात केली आणि ती संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितलं. दोनेक आठवड्यांत पोट जागेवर आलं, मग डोस हळूहळू वाढवला. तीन महिन्यांची सरासरी शुगर (रिपोर्टात एचबीए१सी) नऊ टक्क्यांच्या वर होती, ती आता साडेसातच्या आसपास आहे. एकही नवं औषध लागलं नाही.

मॅडम थांबल्या नसत्या तर हे कळलंच नसतं, म्हणून त्या थांबण्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. १९८४ मध्ये अमेरिकेत मोजलं होतं: रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मध्ये न बोलता ऐकायला सांगितलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट! एवढा वेळ आपल्या गर्दीतही काढता येतो, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याचा परिणाम रक्ताच्या रिपोर्टात दिसतो. २०११ साली अमेरिकेत ८९१ मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णाचं दुःख समजून घेण्यात ज्या डॉक्टरांना जास्त गुण होते, त्यांच्या ५६ टक्के रुग्णांची शुगर आटोक्यात होती; ज्यांना कमी गुण होते त्यांच्याकडे हे प्रमाण ४० टक्के होतं.

हिवाळ्यात माझी मावशी वारली. आईचं जेवण तुटलं, ठरलेल्या तारखेला ती गेली नाही. आशाताई आमच्याच आळीतल्या, त्यांनी मॅडमच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. मॅडम आधी आईजवळ खाली बसल्या, मावशीबद्दल ऐकून घेतलं, बीपीचं मशीन बऱ्याच वेळानं काढलं. आकडा चढलेला होता. "आज जास्त येणारच, मावशी. आठ दिवसांनी परत बघू. तोवर गोळी वाढवायची नाही, पण दोन घास खाऊनच घ्यायची." आठ दिवसांनी आकडा खाली आला होता. अनोळखी डॉक्टरनं तो चढलेला आकडा बघून गोळी वाढवली असती, आणि त्याचं चुकलं असं म्हणता आलं नसतं.

आता खटकलेलं. मध्ये एका महिन्यात बीपीची गोळी शिल्लक नव्हती, बाहेरून घ्यावी लागली. सरासरी शुगरचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. पण जास्त टोचतं ते मोबाईलवरचं भरणं. पेशंट समोर असताना मॅडमना एकीकडे अ‍ॅप आणि दुसरीकडे रजिस्टर सांभाळावं लागतं, त्यामुळे आईशी बोलायला पूर्वीइतका वेळ उरत नाही, हे मला गेल्या दोन-तीन महिन्यांत स्पष्ट दिसतंय. नोंदी हव्यातच, त्यासाठी वेगळा माणूस द्या.

दुसरं म्हणजे सीएचओंची नेमणूक कंत्राटी. मॅडम उद्या गेल्या तर नव्या माणसाला जुलाबांपासून मावशीच्या जाण्यापर्यंत सगळं पहिल्यापासून कळावं लागेल, आणि आई ते पुन्हा सांगेलच याची खात्री नाही. नॉर्वेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १५ वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण, डॉक्टर बदलून वर्षच झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसलं. आपण मात्र चांगला माणूस गावात रुळला की त्याला टिकवायचा विचारच करत नाही. ग्रामसभेत मी हा विषय मांडलाय, तुमच्याकडेही मांडा.

जाताना जुनी फाईल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. शक्यतो सकाळी लवकर जा, तेव्हा बोलायला निवांत मिळतं. आई-वडील एकट्यानं जास्त बोलत असतील तर थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आमच्या उपकेंद्रात होत नाही, त्यासाठी मॅडम ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी देतात. ती वर्षातून एकदा नक्की करून घ्या. आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली, तर उपकेंद्रात वेळ घालवू नका, थेट १०८ ला फोन करा.