पैसे टायटॅनियमचे, प्लेट स्टीलची

नारायणगावच्या अलीकडे टेम्पोनं दादाच्या गाडीला उडवलं. उजव्या घोट्याच्या वरचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. अँब्युलन्सवाला म्हणाला, "सरकारीत बेड नाही," आणि भलत्याच हॉस्पिटलात घेऊन गेला. त्यानं कुणाला फोनसुद्धा केला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

त्या रात्री जखम धुऊन हाड जागेवर धरून ठेवायला बाहेरून सळ्यांचा फिक्सेटर लावला. ते बरोबरच केलं. सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत आत प्लेट घालत नाहीत. खरा खेळ झाला बाराव्या दिवशी, मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. काउंटरवरच्या माणसानं वहिनीला एकटीला गाठलं. "स्टील आत गंजतं, ताई. इम्पोर्टेड टायटॅनियम घ्या. ७८ हजार, रोख." वहिनीनं पाटल्या गहाण ठेवल्या. साध्या कागदावर पावती मिळाली. तिच्यावर 'इम्प्लांट' एवढाच शब्द. रेशनकार्ड पुढे केलं तर म्हणे, अ‍ॅक्सिडेंटला योजना चालत नाही. साफ खोटं! महात्मा फुले योजनेत अशी ऑपरेशनं होतात, फक्त हॉस्पिटल योजनेतलं लागतं. योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आठ महिन्यांनी जखम वाहू लागली. दुसऱ्या हॉस्पिटलात प्लेट काढली, डॉक्टरांनी धुऊन दादाच्या हातावर ठेवली. चकचकीत, चांगली जड. टायटॅनियम हलकं असतं, मंद करडं नाहीतर रंगीत दिसतं. भिंगाखाली 'एसएस', म्हणजे स्टेनलेस स्टील, आणि लॉट नंबर (बनवलेल्या खेपेचा क्रमांक) कोरलेला दिसला. (शेजारच्या काकांनी चुंबक लावून बघा म्हटलं होतं. ते करू नका, सर्जिकल स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.)

स्टीलची प्लेट वाईट नसते हो, चांगले सर्जनही वापरतात. दादाचं हाड तिच्यावरच जुळलं. आणि उघड्या जखमेत जंतुसंसर्ग कशानंही होतो, त्याचा दोष मी प्लेटला देत नाही. राग आहे तो ७८ हजारांचा.

इम्प्लांटच्या पाकिटात स्टिकर असतात, कंपनी, माप, लॉट नंबर लिहिलेले. ऑपरेशननंतर ते पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवतात. त्याच दिवशी त्या पानाचा फोटो घ्या आणि लॉट नंबर असलेलं पक्कं बिल मागा. आम्ही आठ महिन्यांनी गेलो तेव्हा फाइलच 'सापडत नव्हती'.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. प्लेट डब्यात जपून ठेवलीय. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत.