डेटाबेस सर्व्हरच्या नेटवर्कवर नजर: प्रोमिथियस आणि ग्राफाना, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा पोस्टग्रेस डेटाबेस लिनक्सवर चालतो, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर) आणि एक रेप्लिका (त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत). नेटवर्कवर लक्ष ठेवायला नोड एक्सपोर्टर (सर्व्हरचे आकडे देणारा), प्रोमिथियस (ते गोळा करून साठवणारा) आणि ग्राफाना (त्यांचे ग्राफ दाखवणारा) बसवलं, त्याला आता बरेच महिने झाले. संच मनापासून आवडला. मात्र नेटवर्कचा ग्राफ एकटा वाचू नका, शेजारी डेटाबेसचे वेट इव्हेंट, म्हणजे कनेक्शन कशासाठी थांबलंय त्याच्या नोंदी, हव्यातच.

बसवणं सोपं आहे. नोड एक्सपोर्टर 9100 पोर्टवर कर्नलच्याच नोंदी देतो, सर्व्हरवर बोजा जाणवत नाही. आकडे बाइट्समध्ये येतात आणि लिंकचा वेग बिट्समध्ये सांगतात, तेव्हा 1 गिगाबिटची लिंक म्हणजे सेकंदाला फार तर 125 मेगाबाइट, हे डोक्यात पक्कं असू द्या.

महिनाअखेरीला रिपोर्ट रखडायचे. सीपीयू निवांत, डिस्कही निवांत. बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचा ग्राफ मात्र सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास जाऊन माथ्यावर सपाट झालेला. त्याच वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू कनेक्शन्स दाखवणारा पोस्टग्रेसचा व्ह्यू) उघडलं तर रिपोर्टची सगळी कनेक्शन्स 'क्लायंट-राइट' या वेट इव्हेंटवर अडकलेली. म्हणजे पोस्टग्रेसकडे उत्तर तयार होतं, नेटवर्कचं सॉकेट ते पुढे घेत नव्हतं. क्वेरी 'सिलेक्ट स्टार'ची, म्हणजे सगळे कॉलम मागणारी होती, जेसनचा अवजड कॉलमसुद्धा ओढत होती आणि बेरीज ॲप्लिकेशनमध्ये होत होती. ग्रुपिंग एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच आणलं आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. कितीही इंडेक्स लावले असते तरी हे सुटलं नसतं!

क्लायंट-राइट दिसतोय पण लिंक रिकामी आहे, असं असेल तर ॲप्लिकेशन डेटा सावकाश वाचतंय का ते बघा, आणि टीसीपी रिट्रान्समिट, म्हणजे वाटेत हरवल्यामुळे पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेट्स, हेही तपासा. एकदा रेप्लिका सारखी मागे पडत होती, लिंक अर्धीही भरलेली नव्हती, रिट्रान्समिट मात्र चढते. केबल बदलल्यावर थांबलं.

उणिवाही आहेत. आमच्याकडे दर 15 सेकंदांनी आकडे गोळा होतात, त्यामुळे सेकंदभराची उसळी सरासरीत विरून जाते. ती पकडायला सर्व्हरवर जाऊन 'सार' (sar) ही कमांड एका सेकंदाच्या अंतराने चालवावं लागतं. शिवाय नोड एक्सपोर्टर फक्त इंटरफेसपुरता हिशेब देतो. कोणता क्लायंट किती ओढतोय, हे पाहायला पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टवर 'आयएफटॉप' (iftop) हे टूल लागतंच. आणि प्रोमिथियस मुळात 15 दिवसांचाच डेटा ठेवतो. दोन महिनाअखेरी शेजारी ठेवून बघायच्या तर ही मुदत पहिल्याच दिवशी वाढवा, आम्ही 90 दिवस केली आहे.

लिंक भरली की अलर्ट, हा नियम आम्ही काढून टाकला. रात्रीचा बेसबॅकअप (पूर्ण डेटाबेसची प्रत) लिंक भरायचाच. आता 'मॅक्स-रेट' ही वेगमर्यादा देऊन त्याला वेसण घातली आहे आणि अलर्ट येतो तो रिट्रान्समिटवर आणि रेप्लिका मागे पडल्यावर.