प्रश्नावली भरून घेतात, आणि वाचतातही
धाकट्या भावाला या समुपदेशन केंद्रात नेते. दर भेटीआधी पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली, भरून घेतात: मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, गुण ० ते २७. असे कागद सगळीकडेच भरतात म्हणा. इथल्या ताई तो समोर ठेवून बोलतात. गुण ५ने उतरले तर फरक धरतात, एक-दोनाने हुरळून जात नाहीत. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे शून्याखेरीज काही आलं, की त्याच दिवशी वेगळं बसवून नीट विचारपूस. मी केंद्र सुचवेन ते यासाठी. शेवटी काम-घर सांभाळणं किती जड जातं, असा एक बिनगुणांचा प्रश्न असतो, त्याकडे मात्र कुणी बघत नाही. भाऊ पुन्हा कामावर जायला लागला, त्याची नोंदच नाही! मध्येच येणं सोडलेल्यांना फोन करता का, विचारलं. उत्तर गोलमोल.