१८ किलोंपर्यंत पाठमोरी राहणारी कार सीट : सव्वादोन वर्षांच्या वापरानंतर

आमचा मुलगा पुढच्या महिन्यात ३ वर्षांचा होईल. त्याचे वजन १३.७ किलो आणि उंची ९५ सेंटिमीटर आहे, आणि मोटारीत तो अजूनही मागच्या काचेकडे तोंड करून, म्हणजे पाठमोरा बसतो. तो ८ महिन्यांचा असताना आम्ही ही सीट घेतली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा सातारा ते पुणे आणि परत, अधूनमधून कराड, वाई आणि पाचगणी, शिवाय पोवई नाका ते राजवाडा अशा गावातल्या अगणित फेऱ्या, इतका तिचा वापर झाला आहे. आता तिच्याविषयी खात्रीने काही लिहिता येईल असे वाटते.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच रचनेच्या सीट एकापेक्षा अधिक कंपन्या विकतात, मॉडेल वरचेवर बदलतात, आणि ज्या एका गुणासाठी मी ही सीट घ्या असे सांगणार आहे तो नावावरून कळत नाही. तो कळतो माहितीपुस्तिकेतील एका आकड्यावरून, आणि तो आकडा म्हणजे मूल किती किलोंचे होईपर्यंत सीट पाठमोरी वापरता येते याची मर्यादा. येथे खरेदीदाराची सहज फसगत होते. पुष्कळ सीटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '० ते १८ किलो' असे छापलेले असते, पण आतली पुस्तिका उघडली की कळते की पाठमोरी बसवण्याची मुभा फक्त १३ किलोंपर्यंत आहे आणि १८ चा आकडा समोर तोंड करून बसवण्यासाठी आहे. आमच्या सीटला पाठमोरे बसवण्यासाठीच १८ किलोंची मर्यादा आहे. पाच किलोंचा हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार मध्यम वाढीच्या मुलाचे वजन २ वर्षे पूर्ण होताना १२.२ किलो, ३ वर्षे पूर्ण होताना १४.३ किलो आणि ४ वर्षे पूर्ण होताना १६.३ किलो असते, मुलींचे हेच आकडे ११.५, १३.९ आणि १६.१ असे आहेत. म्हणजे १३ किलोंची सीट मुलाला अडीच वर्षांच्या आसपासच समोर वळवायला भाग पाडते, तर १८ किलोंची सीट वजनाच्या हिशेबाने चौथ्या वाढदिवसापलीकडे पुरते. जी दीड-दोन वर्षे हाती लागतात, त्यांसाठीच हे पैसे मोजायचे असतात.

ही वर्षे इतकी महत्त्वाची का, हे मलाही सीट घेण्यापूर्वी नीट ठाऊक नव्हते. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे सुमारे एक अष्टमांश. एवढे जड डोके ज्या मानेवर तोललेले असते, त्या मानेचे मणके लहानपणी अखंड हाडाचे नसतात, त्यांचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते सांधून एकसंध होण्याची क्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत चालू राहते. गंभीर अपघातांत समोरून बसणाऱ्या धडकेचा वाटा मोठा असतो. अशा धडकेत समोर तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्ट्यांनी धरले जाते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मूल पाठमोरे असेल तर धडकेच्या क्षणी ते सीटच्या पाठीतच रुतते आणि पाठ, मान व डोके यांना एकाच वेळी आधार मिळून तोच जोर सगळ्या अंगभर पसरतो. पोहायला शिकताना पोटावर सपकन पडणे आणि गादीवर पाठ टेकून पडणे यांतला फरक ज्याने अनुभवला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांना १९६० च्या दशकात ती सुचली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून, कारण उड्डाणाच्या वेळचा प्रचंड जोर ते पाठीवर झेलतात. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. तेथे मुलांना ४ वर्षांपर्यंत पाठमोरे बसवण्याची रीत आज रुळलेली आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये २ वर्षांपर्यंत पाठमोरे बसवण्याची शिफारस केली होती, ती २०१८ मध्ये बदलून सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत असे केले. युरोपातील आर १२९ या नव्या मानकानुसार १५ महिन्यांआधी मुलाला समोर वळवताच येत नाही. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंड आहे, मात्र आसन कोणत्या दिशेला असावे याबद्दल त्या कलमात काही नाही. तो निर्णय आईवडिलांवरच सोडलेला आहे.

आमच्या घरी हा निर्णय सहजासहजी झाला नाही. सासूबाईंना सीट पाहून वाईट वाटले. "लेकराला असं पाठमोरं बसवून न्यायचं व्हय? त्याला रस्ता दिसंना, पायं बी दुमडल्यात. त्यापेक्षा माझ्या मांडीवर दे की," असे त्या पहिल्या प्रवासाला म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात माया होती म्हणून मी ते झटकून टाकले नाही. त्या रात्री मी आणि मुलाच्या बाबांनी कागद घेऊन हिशेब मांडला. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. १२ किलोंचे मूल त्या क्षणी सव्वादोनशे किलोंहून अधिक जोराने पुढे ओढले जाते. एवढे ओझे कोणाच्याही हातांनी धरून ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी तो कागद मागून घेतला, पुन्हा पुन्हा वाचला आणि मांडीचा विषय काढणे बंद केले. पायांची काळजी मात्र त्यांनी बरेच महिने केली. त्यावर उत्तर मुलानेच दिले. दीड वर्षाचा झाल्यावर तो सीटवर मांडी घालून बसू लागला, जसा तो घरी पाटावर बसतो. आपल्याकडच्या मुलांना मांडी घालून बसणे मुळातच सोयीचे असते, त्यामुळे पाय समोरच्या गादीला टेकतात ही अडचण आमच्यापुरती तरी अडचण राहिलीच नाही. पाय टेकणे हे सीट समोर वळवण्याचे कारण मुळीच नाही, हे पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलेले आहे.

आता बसवण्याविषयी, कारण माझ्या मते चांगली सीट वाया जाते ती येथेच. आमच्या जुन्या हॅचबॅकला आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवण्याचे, हूक नाहीत, म्हणून गाडीच्याच पट्ट्याने बसणारी सीट घेणे भाग होते. ज्या दुकानातून घेतली तेथील मुलाने अत्यंत तत्परतेने पाच मिनिटांत ती बसवून दिली आणि "ताई, एक वर्ष झालं की सरळ करा," असा सल्लाही दिला. घरी येऊन पुस्तिका वाचली तेव्हा लक्षात आले की त्याने पट्टा लाल खुणांमधून ओवला होता. लाल खुणा समोर तोंड करून बसवण्यासाठी असतात आणि निळ्या पाठमोऱ्यासाठी. हाताने हलवली तर सीट वीतभर सरकत होती. त्या मुलाला कोणी शिकवलेच नसावे, त्याचा दोष मी मानत नाही, पण दुकानात कोणाला येत नसेल तर तसे सांगावे एवढी अपेक्षा ठेवणे चूक नाही. पुढचे दोन रविवार आम्ही अंगणात गाडी उभी करून सराव केला. एकाने सीटमध्ये गुडघा रोवून सगळा भार द्यायचा आणि दुसऱ्याने पट्टा ओढून घ्यायचा, असे केले तरच ती घट्ट बसते. पट्टा जेथून जातो तेथे धरून हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरहून कमी सरकली पाहिजे. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या मुलासाठी खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून निघायला हवेत, आणि खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर तो सैल आहे असे समजावे. महाबळेश्वरच्या थंडीत जाताना जाड जाकीट घालून पट्टे बांधले की ते कळत नकळत सैल राहतात, म्हणून आम्ही जाकीट काढतो, पट्टे आवळतो आणि वरून शाल पांघरतो.

एका नातेवाइकांनी सुचवले की आईला मूल दिसावे म्हणून सीट पुढेच, चालकाशेजारी बसवावी. कृपया असे कोणीही करू नये. पुढची एअरबॅग चालू असलेल्या जागी पाठमोरी सीट बसवली, तर एअरबॅग फुगताना थेट मुलाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर आदळते आणि संरक्षणासाठी असलेली गोष्टच जीवघेणी ठरते. आम्ही सीट मागच्या बाकावर डावीकडे बसवतो. मूल रस्त्याच्या कडेच्या बाजूने चढते-उतरते, हाही त्यात फायदा आहे.

दोषही लिहिले पाहिजेत. ही सीट जागा फार खाते. पाठमोरी आणि योग्य कोनात तिरकी बसवल्यावर पुढची डावी सीट इतकी पुढे सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. माझे सासरे तेथे बसून पुण्यापर्यंत येऊ शकत नाहीत, ते मागे माझ्याशेजारी बसतात. छोटी गाडी असणाऱ्यांनी सीट आपल्या गाडीत प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरा दोष उकाड्याचा. एप्रिल-मे महिन्यांत गाडी तासभर उन्हात राहिली की बकलचा धातू चटका बसेल इतका तापतो, म्हणून उतरताना सीटवर पांढरी चादर टाकण्याची सवय आम्हाला लावून घ्यावी लागली. आणि पाठीचे जाड कापड घाम शोषत नाही.

पसरणीच्या घाटात मुलगा दोनदा ओकला. पाठमोरे बसल्यामुळेच असे होते असे मला सांगण्यात आले, परंतु त्याच गाडीत त्याच वळणांवर समोर तोंड करून बसलेली त्याची मोठी आतेबहीणही ओकली होती. आता घाटाआधी तासभर दूध देत नाही, आणि तेव्हापासून त्रास झालेला नाही. कापडी आवरण सहज निघते आणि धुता येते. पट्टे मात्र पाण्यात भिजवायचे किंवा साबणात टाकायचे नसतात, ओल्या फडक्याने पुसावे लागतात, आणि हे काम किचकट आहे.

मुलाला रस्ता दिसत नाही ही समजूत मात्र साफ चुकीची निघाली. मागच्या मोठ्या काचेतून आणि बाजूच्या खिडकीतून त्याला भरपूर दिसते. साताऱ्यातून निघाले की लांब जाणाऱ्या अजिंक्यताऱ्याला तो हात करतो, आणि गाळपाच्या दिवसांत उसाने भरलेल्या ट्रॉली मोजतो. त्याने समोर तोंड करून कधी प्रवासच केलेला नसल्यामुळे आपले काही हुकते आहे असे त्याला वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या दिशेने जाताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि आम्हालाही करकचून ब्रेक लावावा लागला. माझी पर्स आणि पाण्याची बाटली पुढच्या सीटखाली जाऊन पडली, माझ्या खांद्याला पट्ट्याचा वळ उमटला. मुलगा झोपलेला होता आणि झोपलेलाच राहिला, त्याचे डोके सीटच्या पाठीला टेकलेले होते ते तसेच होते. ती धडक नव्हती, त्यामुळे सीटची खरी परीक्षा झाली असे मी म्हणणार नाही. ती कधी होऊही नये. पण जोर आला तो कोठे गेला हे त्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

सीटला साडेचौदा हजार रुपये पडले. तेव्हा ते जड वाटले होते, आणि तेवढ्या पैशांत १३ किलोंच्या मर्यादेच्या दोन सीट आल्या असत्या. आज तीच निवड पुन्हा करायची झाली तर मी हीच सीट घेईन. नणंदेची धाकटी मुलगी १४ महिन्यांची आहे आणि तिच्यासाठी १३ किलोंवाली घ्यावी की ही, असे तिने विचारले तेव्हा मी तिला पुस्तिकेचे ते पान फोटो काढून पाठवले. जुनी, कोणी वापरलेली सीट स्वस्तात मिळते आहे असेही ती म्हणत होती. अशी सीट कधी अपघातात सापडलेली नाही हे नक्की ठाऊक नसेल तर ती घेऊ नये, कारण आतले प्लॅस्टिक तडकलेले असले तरी बाहेरून दिसत नाही.

वजनाला अजून सव्वाचार किलोंची सवड आहे, त्यामुळे आमच्या बाबतीत बहुधा उंची आधी आडवी येईल. डोक्याचा माथा सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचू लागला की पाठमोरे बसवणे थांबवायचे असते. आज माथा आणि कड यांत चार बोटे अंतर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी धुताना आम्ही ते मोजतो.