जागा बंद की हंगाम बंद?

कॅरिबियनमधला नासाऊ ग्रुपर हा मासा हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास प्रवाळाच्या ठरावीक कडेवर हजारोंनी जमून अंडी घालतो. कोळ्यांना ती जागा एकदा सापडली की दोन-चार हंगामांत थवा संपतो. मग काय बंद करावं: त्या जागेवरची मासेमारी, की अंडी घालण्याच्या हंगामात त्या माशाची सगळीकडची मासेमारी?

खर्च: जागा बंद केली तर रात्रंदिवस गस्तीची होडी आणि डिझेल लागतं. हंगामबंदीत तपासणी धक्क्यावर आणि बाजारात होते, म्हणून स्वस्त. पण कातडी सोललेल्या तुकड्यावरून मासा कोणता ते कळत नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशाने म्हणूनच तुकड्यावर कातडीची पट्टी ठेवणं सक्तीचं केलं.

पळवाट: इथेच हंगामबंदी मार खाते. शेजारच्या देशात बंदी नसेल तर मासा तिकडे उतरतो. शिवाय पौर्णिमा उशिरा आली की थवा बंदीच्या तारखांनंतरही जमतो. तारखा सगळ्यांनी मिळून, थोड्या सैल ठेवूनच ठरवाव्यात.

टिकाऊपणा: यू. एस. व्हर्जिन आयलंड्समधल्या रेड हाइंड बँकेवर (समुद्रतळाचा उंचवटा; रेड हाइंड हाही ग्रुपरच) 1990 मध्ये हंगामी बंदी आली, 1999 मध्ये कायमची. मासे वाढले, आकारानेही.

जागा नेमकी माहीत असेल, गस्त परवडत असेल तर जागाच बंद करा. जागा विखुरलेल्या किंवा अज्ञात असतील तर हंगामबंदी, पण शेजाऱ्यांसह.