शिफ्ट आणि सुपारी: डिजिटल मीडियात राहून डीजेगिरी करायचे चार रस्ते

आमच्या व्हिडिओ डेस्कवर एक नवी मुलगी आली आहे. दिवसभर रील्स कापते, सबटायटल टाकते, थंबनेलवरून माझ्याशी भांडते आणि घरी गेल्यावर दोन-दोन तास हाउस म्युझिक मिक्स करत बसते. परवा टपरीवर तिने विचारलं, "दादा, नोकरी ठेवू की सोडू?" मी सात-आठ वर्षं याच दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक होतं. पण उत्तर एका कटिंगमध्ये संपेना, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात 'डीजे' म्हटलं की बहुतेकांना मिरवणुकीतली, ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आठवते. मी ती भिंत भाड्याने देतो असं माझ्या आईला अजूनही वाटतं. इथे मी बोलतोय ते क्लबात आणि पबमध्ये कन्सोलमागे उभं राहून गाण्याला गाणं जोडणाऱ्यांबद्दल. 'गिग'ला, म्हणजे एका रात्रीच्या ठरलेल्या कार्यक्रमाला, मी सुपारी म्हणणार आहे. ऑर्केस्ट्रावाले आणि तमाशावाले तोच शब्द वापरतात आणि मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

तर रस्ते चार आहेत. पगारी नोकरी आणि जमेल तशा सुपाऱ्या, फ्रीलान्स डिजिटल काम आणि सुपाऱ्या, सगळं सोडून पूर्णवेळ डीजे, आणि संगीताच्याच धंद्यातली मीडियाची नोकरी.

भांडण संध्याकाळचं आहे

बाहेरच्यांना वाटतं, पहाटे घरी येऊन सकाळी ऑफिस कसं गाठायचं हा खरा त्रास. मलाही तसंच वाटायचं. पण मुंबईतली रात्र मुळात आखूड आहे. जानेवारी २०२०मध्ये 'मुंबई २४ तास' धोरण आलं तेव्हा मॉल आणि खाण्याच्या जागा रात्रभर उघड्या ठेवायला मुभा मिळाली, पण दारूची वेळ दीडलाच थांबली. म्हणजे क्लबातला शेवटचा ट्रॅकही दीडलाच. थर्टी फर्स्टला बहुतेक वर्षी पहाटे पाचपर्यंत सवलत मिळते, तेवढाच अपवाद.

आता या वेळेत नवख्याला काय मिळतं? अकरा ते दीड नावाजलेल्यांना जातं. नव्याला मिळतो आठ ते दहाचा वॉर्म-अप, म्हणजे मुख्य डीजेच्या आधीचा वेळ, तोही मंगळवारी किंवा बुधवारी. 'वीकेंडला वाजवीन आणि सोमवारी ऑफिसला जाईन' हा बेत इथेच फसतो, कारण पहिली दोन-तीन वर्षं वीकेंड तुमच्या वाट्याला येतच नाही. मंगळवारी संध्याकाळी सहा पंचेचाळीसला कुणीतरी राजीनामा देतो, ब्रेकिंग येतं, अँकर स्टुडिओत बसतो आणि तुम्ही अंधेरीच्या ऑफिसात अडकता. लोअर परळच्या क्लबात मॅनेजर साउंड चेकसाठी फोनवर फोन करतोय. माझ्या दोन सुपाऱ्या अशा गेल्या. त्यातल्या एका क्लबाने पुन्हा कधी बोलावलंच नाही.

म्हणून नोकरीच्या रस्त्याची तुलना करताना पगाराआधी शिफ्ट बघा. दहा ते सात ही जनरल शिफ्ट डीजेसाठी सगळ्यात वाईट. सकाळी सहा ते दुपारी तीनची शिफ्ट, जिच्यापासून सगळे पळतात, ती आपल्या कामाची. तीनला सुटायचं, दोन तास झोपायचं, साडेसातला क्लबात. दहाला सेट संपला की शेवटच्या लोकलची धावपळही नाही. आठवड्यात असं एकदा निभतं, दोनदाही निभतं. तिसऱ्यांदा मात्र मी एका नेत्याच्या व्हिडिओखाली दुसऱ्याचंच नाव टाकलं होतं.

गंमत म्हणजे दोन्ही धंद्यांचं कॅलेंडर काही ठिकाणी छान जुळतं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस ड्राय डे असतो, आणि न्यूजरूममध्ये नेमकी तेव्हाच रात्रभर माणसं लागतात. गांधी जयंती आणि अनंत चतुर्दशीलाही क्लब थंड, डेस्क गरम. उलट डिसेंबरचा शेवट म्हणजे सुपाऱ्यांचा हंगाम. त्या आठवड्याची सुट्टी जुलैतच टाकून ठेवा.

नोकरी काय विकत घेऊन देते

पैशाबद्दल बोलताना लोक सरळ पगार आणि मानधन शेजारी ठेवतात. मला ती तुलना अर्धवट वाटते. मला पहिल्या सुपारीचे तीन हजार आणि दोन बिअरची कुपनं मिळाली. त्याच रात्री जाता-येता टॅक्सीला आठशे गेले. शिकायला पुरेसा छोटा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र, तीस-पस्तीस हजारांत येतो. बीटपोर्ट या डीजेंसाठी गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर एकेका ट्रॅकला सव्वाशे-दीडशे रुपये पडतात आणि महिन्याला वीस-तीस तरी लागतात. क्लबातल्या मोठ्या प्लेअरची जोडी आणि मिक्सर काही लाखांचं असतं, पण ते क्लबाचं. तुम्ही फक्त पेनड्राइव्ह नेता. सुरुवातीची वर्षं हा छंद पगारावरच पोसला जातो, हे मान्य करून टाकावं.

पण पगार त्याहून मोठी एक गोष्ट देतो: नकार. समोरचा टेबलवाला मोबाइलवर गाण्याचं नाव टाइप करून तुमच्या तोंडासमोर धरतो, तेव्हा 'नाही' म्हणायची ताकद घरभाडं भरलेलं असण्यातून येते. पूर्णवेळ झालेले माझे दोन मित्र आहेत. दोघंही माझ्याहून कितीतरी चांगले. एक आज महिन्याला माझ्या दुप्पट कमावतो, पण त्यातलं बरंचसं हळदी, संगीत आणि कंपन्यांच्या पार्ट्यांमधून. त्याचं स्वतःचं टेक्नो तो वर्षातून चार-पाच वेळा वाजवतो. दुसऱ्याने लग्नं घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि आता तो भावाच्या फ्लॅटवर राहतो.

लग्नाच्या सुपाऱ्यांना नाक मुरडायचं कारण नाही, हेही सांगतो. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. रात्रीच्या कलेवर घर चालवायची ती जुनी, रोखठोक व्यवस्था आहे. प्रेक्षकाला हवं ते द्यायचं आणि मध्येच आपल्याला हवं ते घुसवायचं, हे तिथल्या वगात चालतं तसं लग्नातल्या 'संगीत'च्या रात्रीही चालतं. फक्त ते तुम्हाला आवडतं का, हे दहा लग्नं वाजवून बघा. न वाजवता 'मी ते करणार नाही' म्हणणं आणि न वाजवता 'जमून जाईल' म्हणणं, दोन्ही सारखंच भाबडं.

फ्रीलान्स: दोन्हीकडून उधारी

हा रस्ता कागदावर सगळ्यात सुंदर. व्हिडिओ एडिट करा, सोशल मीडिया सांभाळा, वेळ तुमचा, संध्याकाळ तुमची. शिवाय गोव्यात जाऊन राहता येतं. अडचण एवढीच, की क्लबही पैसे उशिरा देतो आणि क्लायंटही. दोन्ही उशीर एकाच महिन्यात आले की काय होतं, ते मी २०२१च्या पावसाळ्यात भोगलं आहे.

या रस्त्याने जाणार असाल तर आधी तीन कामं करा. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. ती फुकट आहे, आणि नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन कायद्याने समोरच्या कंपनीवर येतं. बिलाखाली तो नोंदणी क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाल्यांचा सूर बदलतो, हा अनुभव आहे. दुसरं, टीडीएस. तुमच्या पैशातून बहुधा दहा टक्के कर म्हणून आधीच कापले जातात आणि ते परत मिळवायचे तर रिटर्न भरावाच लागतो. तिसरं, जीएसटीची २० लाखांची मर्यादा मोजताना एडिटिंगची आणि डीजेगिरीची बिलं एकत्र धरली जातात, कारण पॅन एकच. नोकरीचा पगार मात्र त्यात धरत नाहीत. पीएफ नाही, आरोग्य विमा स्वतःचा, हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात.

चौथा रस्ता, आणि निखिल चिनप्पा

म्युझिक लेबलचं डिजिटल किंवा फेस्टिव्हलचा सोशल मीडिया, ही नोकरी ऐकायला दोन्हींचं मिश्रण वाटते. प्रत्यक्षात फेस्टिव्हलच्या दिवशी तुम्ही स्टेजसमोर फोन उभा धरून दुसऱ्याच्या सेटचे पंधरा सेकंद शूट करत असता. लग्नात वाढप्याने जेवायचं कधी? ओळखी मात्र खऱ्या होतात आणि सुपाऱ्या कशा ठरतात ते आतून दिसतं. दोन वर्षं करायला हरकत नाही.

या बाबतीत निखिल चिनप्पाचं उदाहरण सगळे देतात आणि ते योग्यही आहे: एमटीव्हीचा व्हीजे, म्हणजे टीव्हीवर गाण्यांचे कार्यक्रम सादर करणारा, २००३मध्ये सबमर्ज ही इलेक्ट्रॉनिक संगीताच्या पार्ट्या भरवणारी संस्था, मग २००७मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सनबर्न फेस्टिव्हलच्या उभारणीत मोठा वाटा. मीडियातला चेहरा आणि रात्रीचं संगीत त्याने वेगळं ठेवलंच नाही. पण तो काळ मोजक्या व्हीजेंचा होता. आज रील्स आपण सगळेच कापतो.

एकच कान

ही गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली नाही, म्हणून लांबण लावतोय. व्हिडिओ एडिटर आणि डीजे दोघांचंही भांडवल कान, आणि कान एकच जोडी. दिवसभर हेडफोन, रात्री डीजेकडे तोंड करून लावलेले मॉनिटर स्पीकर. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला मुभा निम्म्यावर येते. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला फक्त पंधरा मिनिटं. क्लबातल्या बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या उभं राहायच्या जागी, शंभरच्या आसपास आवाज सहज असतो आणि तुम्ही तिथे दोन तास उभे असता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. आपल्याकडे ती पाळणारा क्लब मला अजून भेटायचा आहे.

संगीतकारांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळा आवाज सारखाच खाली आणतात, त्यामुळे बास तेवढा कळतो आणि बाकीचं गुळमुळीत, असं होत नाही. मी ते तिसऱ्या वर्षी घेतले. डाव्या कानात शांत खोलीत एक बारीक शिट्टी वाजते, ती त्याआधीची. चार रस्त्यांपैकी कानाला सगळ्यात जड पहिला आहे, कारण त्यात दोन्हीकडचा मारा पूर्ण बसतो. ऑफिसात हेडफोन बाजूला ठेवता येतील अशी कामं, म्हणजे स्क्रिप्ट आणि मथळे, सुपारीच्या दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवतो.

करारातली बारीक अक्षरं

नोकरीच्या करारात 'दुसरं कुठलंही काम करणार नाही' असं कलम बहुधा असतं. सप्टेंबर २०२२मध्ये विप्रोने ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं, ते स्पर्धक कंपन्यांसाठी काम केल्याबद्दल. पबमध्ये गाणी वाजवणं म्हणजे स्पर्धकाचं काम नव्हे, पण तोंडी 'चालेल रे' वर राहू नका. एचआरला मेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

त्याहून नाजूक भाग हितसंबंधांचा. ज्या क्लबात तुम्ही महिन्यातून दोनदा वाजवता, त्याचं नाव तुमच्याच पोर्टलच्या 'शहरातले दहा बेस्ट पब' मध्ये तुम्हीच टाकायचं? माझ्यावर ही वेळ आली, मी ती स्टोरी दुसऱ्याला दिली. इन्स्टाग्रामवर पैसे घेऊन क्लबाचं कौतुक करत असाल तर जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) २०२१च्या नियमांनुसार ते स्पष्ट लिहावं लागतं.

शहर बदललं तर

पुण्यात भाडं कमी, अंतरं कमी, ऐकणारा वर्ग जुना. पण मे २०२४च्या पोर्श अपघातानंतर पबवर करडी नजर आहे आणि ठरलेली सुपारी ऐनवेळी रद्द होऊ शकते. गोव्यात उघड्यावरचा आवाज रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून मोरजी-आश्वेकडे सेट सूर्यास्ताच्या आधीच सुरू होतात, आणि पाळोळेला लोक हेडफोन लावून नाचतात. फ्रीलान्सरला ते वेळापत्रक सोयीचं, पण हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उरलेल्या महिन्यांचं काय, ते आधी ठरवा.

आणि कुठल्याही शहरात, नव्या क्लबात शिरलात की बूथपासून बाहेर पडायचा दरवाजा आधी बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ला मुंबईत कमला मिल्समधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. त्याच आवारात चॅनेलची ऑफिसंही आहेत.

त्या मुलीला मी पहिला रस्ता सांगितला, सकाळची शिफ्ट मागून. सोबत एक वही. शिफ्टमुळे जी सुपारी सोडावी लागली तिची तारीख, वार आणि रक्कम त्यात लिहायची. वर्षभरात ती बेरीज बारा महिन्यांच्या घरभाड्याला भिडली तर फ्रीलान्सचा विचार करायचा, तोवर नाही. माझ्या वहीत गेल्या वर्षी अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या सात मंगळवारच्या. मी नोकरी सोडली नाही; साप्ताहिक सुट्टी रविवारची मंगळवारी करून घेतली.