पीएनआर होता, तिकीट नव्हतं

2025 च्या मे महिन्यात मी बँकॉकला जाऊन आले असं आमच्या गल्लीत अजून दोन-तीन जणींना वाटतं. खरं म्हणजे 14 तारखेला, विमानाच्या वेळेला, मी जुळे सोलापुरातल्या आमच्या माडीवर आतून कडी लावून बसले होते. खाली भरलेली बॅग, त्यात अर्धा किलो शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरीचा गठ्ठा. आईचं म्हणणं, तिकडं खायचे हाल होतात.

आम्ही तिघी एका खासगी बालवाडीत शिकवतो. पगार 9 हजार. त्यातून साठवून सुट्टीत एकदा परदेश बघायचा, एवढाच बेत. नवी पेठेत एका जिन्यावर टूर्सवाल्याचं ऑफिस होतं. मैत्रिणीच्या मावशीची शिर्डी-नाशिक सहल त्यानं नीट करून दिली होती, आमची चौकशी तेवढ्यावरच संपली. पाच रात्री, माणशी 38,500. माणूस गोड. बाबांना काका, आम्हाला ताई, आणि बसायच्या आत चहा.

"काका, पावती केली की पाच टक्के जीएसटी, वर पाच टक्के टीसीएस. माझ्या नंबरवर टाका की, माणशी पावणेचार हजारांच्या वर वाचतील." आम्ही टाकले. टीसीएस म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, तो विवरणपत्र भरताना आपल्याच खात्यात धरला जातो, म्हणजे तो वाचवण्यात काही राम नव्हता, हे कळलं नंतर. पण खरं सांगायचं तर थोडी लबाडी आम्हालाही करायची होती. त्यामुळंच पुढं तोंड उघडायला जीभ रेटेना.

त्या पैशात माणशी 4 हजार 'व्हिसा' आणि दीड हजार 'डिजिटल कार्ड', म्हणजे तिकडं उतरण्याआधी ऑनलाइन भरायचा फॉर्म, असे धरलेले होते. जुलै 2024 पासून थायलंडला भारतीयांना 60 दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. आणि 1 मे 2025 पासून सुरू झालेलं ते कार्ड तर त्यांच्या सरकारी साइटवर फुकट भरता येतं. त्यानं व्हिसासाठी म्हणून आमचे मूळ पासपोर्टही ठेवून घेतले.

तिकिटाचं मात्र मी तपासलं होतं हो. सहा अक्षरांचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकला, तिघींची नावं आली. नाचलेच मी. पण एजंट पैसे न भरताही काही दिवस जागा धरून ठेवू शकतो, आणि त्यालाही पीएनआर मिळतो. तिकीट खरंच निघालं की 13 आकडी तिकीट नंबर येतो. तो आमच्या कागदावर नव्हताच. मुदत संपली, कंपनीनं जागा सोडून दिल्या. हॉटेलचंही तसंच. 'तिथं गेल्यावर पैसे द्या, रद्द केलं तर फुकट' अशातलं बुकिंग करून त्याचा कागद आम्हाला दिला आणि मागाहून रद्द केलं. मी हॉटेलला मेल टाकला तेव्हा समजलं. तो मेल महिनाभर आधी टाकला असता तर!

10 मेला त्याचा फोन आला. "ताई, युद्ध पेटलंय, विमानं बंद आहेत. रिफंड येईल." पाकिस्तानशी संघर्ष चालू असल्यानं उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ तेव्हा खरोखर बंद होते, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. पण त्यात मुंबई नव्हती आणि आम्ही मुंबईहून निघणार होतो. पुण्याच्या चुलतभावानं विचारलं, "अगं, कंपनीचा मेसेज कुठाय?" तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

आणि मी काय केलं? गप्प बसले. शेजारच्या काकूंनी अंगणात गाठून "कधी निघणार गं?" विचारलं तर "आज रात्री" म्हणाले आणि वर जाऊन बसले. सहा दिवस माडीवर. बाहेर वळीव कोसळत होता, आई जेवणाचं ताट जिन्यात ठेवायची. बाबा म्हणायचे, चार लोकांत हसं नको. बाकी दोघींच्या घरीही तेच.

सातव्या दिवशी पासपोर्ट मागायला जिना चढले तर बाकड्यावर एक नवं जोडपं बसलेलं. बालीला निघालेलं. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. त्यांनी 17 तारखेला 90 हजार भरले होते. त्याच्या नंबरवर, पावतीशिवाय. 17 तारखेला मी माडीवर होते.

तिथंच, त्याच्यासमोर, मी त्या मुलीला सगळं सांगितलं. आवाज थरथरत होता. दोन्ही घरं मिळून पोलिसांत गेलो. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता, अडवून ठेवता येत नाही, असं साहेबांनी फोनवर सुनावल्यावर तासाभरात तिन्ही पासपोर्ट आले. त्या दोघांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केल्यामुळं त्यांचे थोडे पैसे खात्यातच गोठले. आमचे भरून महिना झाला होता, पुढं कधीच सरकले होते.

आजवर तिघींत मिळून 11 हजार परत आलेत. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. 5 लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही. पावती नसल्यानं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि यूपीआयच्या नोंदी छापून जोडल्या. त्या जिन्यावर आता दुसऱ्या नावाची पाटी लागलीय, चारधामची. खालचा मोबाइल नंबर नवा आहे. आत बसलेला माणूस तोच.